घाटातील दगड आणि वाटाड्याचे नाव

रस्त्याच्या कडेला उभे असलेले दगड अनेक प्रकारचे असतात. काही अंतर सांगतात, काही गावाची शीव दाखवितात, काहींना शेंदूर माखून कोणी हात जोडतो, तर काहींवर कोणा एकाचे नाव व साल कोरलेले असते. वाटसरू घाईत असतो. तो अंतराचा दगड तेवढा वाचतो आणि बाकीचे मागे टाकतो. परंतु ज्या समाजाचा इतिहास ग्रंथांतून फारसा लिहिला गेला नाही, त्या समाजाने या बाकीच्या दगडांकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही. आपला धनगर समाज हा असा समाज आहे. आपल्या पूर्वजांची बखर कोणी लिहून ठेवली नाही. ती आहे ती ओव्यांत, देवांच्या ठाण्यांत आणि वाटेवरच्या दगडांत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

या लेखास एक निमित्तही घडले. मंडळाच्या मागील एका बैठकीत आपल्या काही उत्साही तरुणांनी अशी सूचना मांडली की, मुंबई-पुणे जुन्या मार्गावर खोपोली व खंडाळा यांच्या दरम्यान घाटात शिंग्रोबाचे जे देऊळ आहे, त्याविषयी समाजाच्या वतीने एक चांगला दगडी फलक तयार करावा. सूचना स्तुत्य होती. मात्र तीबरोबर जो मजकूर वाचून दाखविण्यात आला, त्यात शिंग्रोबांचा जन्म कोणत्या वर्षी झाला, इंग्रज अधिकाऱ्याशी त्यांचे काय संभाषण झाले, कोणत्या तारखेस त्यांना गोळी घालण्यात आली, हे सर्व डोळ्यांनी पाहिल्यासारखे लिहिले होते. हे कोठून घेतले, असे आम्ही विचारले. तेव्हा उत्तर मिळाले, ‘गुरुजी, सगळीकडे असेच सांगतात.’ बैठकीत आमचा प्रश्न काहींना रुचला नाही. आपल्याच माणसाने आपल्याच वीराविषयी शंका घ्यावी, हे त्यांना खुपले. त्यांचे खुपणे आम्ही समजू शकतो. पण फलकावर काय लिहावे आणि काय लिहू नये, हे आम्हांस का महत्त्वाचे वाटते, ते येथे सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम आमचाच एक दोष कबूल करतो. आम्ही शाळेत असताना मुलांची सहल घेऊन एस. टी. ने याच घाटातून जात होतो. देवळापाशी चालकाने गाडी हळू केली, खिडकीतून एक नाणे टाकले आणि हात जोडले. मुलांनी विचारले, हे कोणाचे देऊळ? आम्ही मोठ्या अभिमानाने कथा सांगितली आणि ती अधिक ठसावी म्हणून एक सालही ठोकून दिले. मागच्या बाकावरील एका मुलीने वहीत ते टिपून घेतले आणि विचारले, ‘गुरुजी, हे कोणत्या पुस्तकात आहे?’ आम्हांस उत्तर देता आले नाही. ‘पुढे सांगेन’ म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते सांगणे आजतागायत राहून गेले आहे. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

वाटेवर नाव कोरण्याची चाल आपल्या मुलखात फार प्राचीन आहे. जुन्नरजवळील नाणेघाट ही देश व कोकण यांना जोडणारी सातवाहनकालीन वाट. तिच्या माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांची त्यात मोजदाद आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती खोदलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते. आज मूर्ती नष्ट झाल्या आहेत, कोठे केवळ पावलांची खूण उरली आहे. नावे मात्र वाचता येतात. बोरघाटाच्या माथ्यापलीकडे कार्ल्याचे लेणे आहे. तेथील लेखांत श्रेष्ठी व महारथी यांची नावे आहेत, तशीच धेनुकाकट येथील एका सुताराची व एका सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव दगडावर जाऊ शकले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

यानंतरचे दगड म्हणजे वीरगळ. आपल्या बहुतेक गावांत पिंपळाच्या पारावर किंवा वेशीजवळ ते पडलेले असतात. ते वाचावयाचे खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा वीराचे मरण. तिच्या वर अप्सरा त्या वीरास स्वर्गात नेत आहेत. त्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे. आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर याची कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. कित्येक वीरगळांच्या तळच्या चौकटीत गाई कोरलेल्या आढळतात. गावचे गोधन लुटारूंनी वळवून नेले असता ते सोडविताना जो पडला, त्याचा तो दगड. गुरे-मेंढरे राखणाऱ्या लोकांना या दगडांविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु यांतील बहुसंख्य वीरगळांवर एकही अक्षर नाही. ज्यांनी तो उभा केला, त्यांस नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. साऱ्या गावाला ते ठाऊक होते. पुढे गाव उठले, पिढ्या गेल्या, नाव विसरले, दगड उरला. नाणेघाटात मूर्ती जाऊन नावे राहिली. पारावर मूर्ती राहून नावे गेली. दगड हा एकटा स्मरण ठेवू शकत नाही. त्याला लेखणीची किंवा जिभेची जोड लागते.

आता बोरघाटाकडे वळू. इंग्रजी कागदांत हा घाट ‘भोर’ या उच्चाराने आला असल्यामुळे पुष्कळांचा भोर संस्थानाशी घोटाळा होतो; तो हा नव्हे. हा खंडाळ्याचा घाट. यातून पूर्वीपासून माणसांची व बैलांच्या तांड्यांची ये-जा असे. मीठ, धान्य, कापड पाठीवर लादून बैल चढत-उतरत. चाकाची गाडी मात्र येथे सुखाने चालत नसे. १८१८ साली पेशवाई संपली आणि मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे एका सत्तेखाली आली. तेव्हा सैन्य, तोफा व माल यांसाठी गाडीरस्ता आवश्यक झाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूज या अधिकाऱ्याने हे काम पार पाडले आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी रस्ता खुला झाला. माल्कम स्वतः घोडागाडीतून घाट उतरला. कोकण आणि देश यांमधील भिंत आपण पाडली, असा त्याचा अभिमान होता. या कामाच्या स्मरणार्थ घाटमाथ्याजवळ एक लेख बसविण्यात आला. त्यावर गव्हर्नराच्या नावास मानाचे स्थान होते.

पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्याच डोंगरात लोहमार्गाचे काम निघाले. १८५६ च्या आरंभी सुरू झालेले हे काम १८६३ पर्यंत चालले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते त्या मार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे पंधरा-सोळा मैलांच्या अंतरात मार्ग १,८३१ फूट चढतो. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. चढ कोठे कोठे सदतिसास एक इतका तीव्र. मुख्य अभियंता जेम्स बर्कले उद्घाटनापूर्वीच १८६२ साली वारला. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने तो ठेका पुढे तडीस नेला. १८६१ च्या सुमारास कामावरील मजुरांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती. पटकी आणि तापाने यांतील कित्येक माणसे झोपड्यांतच मेली. गव्हर्नर, अभियंता, ठेकेदार व ठेकेदाराची पत्नी यांची नावे आपण आज सहज सांगू शकतो. ४२,००० पैकी एकाचेही नाव आपण सांगू शकत नाही. कार्ल्याच्या सुताराचे भाग्य या पाथरवटांच्या वाट्याला आले नाही.

आणि याच घाटात एक देऊळ आहे, ते ना गव्हर्नराचे, ना अभियंत्याचे. ते एका मेंढपाळाचे आहे.

शिंग्रोबाची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. साहेबाचे अभियंते दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन डोंगर धुंडाळीत होते. दरी आडवी येई, कडा समोर उभा राही, मार्ग सापडेना. शिंग्रोबा नावाचा धनगर तेथे शेळ्या-मेंढ्या चारीत असे. त्याने त्यांची अडचण पाहिली आणि जनावरांची नेहमीची वाट त्यांना दाखविली. तीवरून आखणी झाली. साहेब खूष झाला व म्हणाला, काय पाहिजे ते माग. शिंग्रोबाने जमीन मागितली नाही, पैसा मागितला नाही. त्याने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागितले. साहेबाने त्याला गोळी घातली. पुढे लोकांनी तेथे त्याचे ठाणे केले आणि घाट चढणारा-उतरणारा चालक त्याला नाणे वाहू लागला.

ही कथा सांगणारे सर्वच एकसारखी सांगत नाहीत. कोणी म्हणतात, वाट दाखविली ती गाडीरस्त्यासाठी. कोणी म्हणतात, लोहमार्गासाठी. पहिले खरे धरले तर प्रसंग १८३० च्या सुमाराचा ठरतो; दुसरे धरले तर १८५६ च्या आगेमागे. दोहोंत पाव शतकाचे अंतर आहे. मग एकच तारीख दगडावर कोरणारे आम्ही कोण?

शंका घेणारा म्हणेल, ही वाट तर पूर्वीपासून वाहती होती. सैन्ये गेली, तांडे गेले. मग साहेबाला वाट सापडत नव्हती, हे कसे? या शंकेचे उत्तर देता येते. बैलाची वाट आणि चाकाची वाट या भिन्न वस्तू आहेत. ओझ्याचा बैल उभ्या चढणीने पाय रोवून जातो. गाडीला आणि आगगाडीला मात्र उतार सौम्य पाहिजे, वळण रुंद पाहिजे. ज्याने कळप चारले आहेत त्याला ठाऊक आहे की, चरत जाणारा कळप डोंगर सरळ रेषेत चढत नाही. तो उतारास आडवा, वळसे घेत, हळूहळू वर सरकतो आणि त्याच्या खुरांनी पडलेली पायवाट बहुधा सौम्य चढाची असते. अशी पाऊलवाट परक्या अभियंत्याच्या उपयोगी पडली असेल, यात अशक्य काही नाही.

दुसरी शंका अशी की, ‘देशाचे स्वातंत्र्य’ ही भाषा एवढ्या पूर्वी एका मेंढपाळाच्या तोंडी कशी? येथे आम्ही दोन्ही बाजू मांडतो. हे शब्द पुढील राष्ट्रीय चळवळीच्या काळात कथेत आले असावेत, असे आम्हांस वाटते. परंतु भाव तेव्हाचा नसेलच, असे म्हणता येत नाही. ज्या वर्षी माल्कमचा रस्ता खुला झाला, त्याच काळात पुणे प्रांताच्या डोंगरांत उमाजी नाईकाने इंग्रजांविरुद्ध बंड मांडले होते. त्याला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. राज्य गेल्याचे दुःख डोंगरातील माणसाला कळत नव्हते, असे मानणे हा त्याचा अपमान होय.

तथापि शक्य असणे आणि सिद्ध असणे यांत फरक आहे. गोळी कोणी घातली, केव्हा घातली, यास लेखी आधार आमच्या हाती नाही. तो हाती येईपर्यंत ही लोकपरंपरा आहे असेच म्हणावे लागेल.

‘म्हणजे कथा खोटी काय?’ असे आम्हांस बैठकीत विचारण्यात आले. तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट या कथेचे मोल वाढविणारी एक गोष्ट सांगतो. केरळात वायनाड येथे ताम्रश्शेरी घाट आहे. तो चढून लक्किडी येथे आले म्हणजे रस्त्याच्या कडेला साखळी बांधलेले एक झाड दिसते. करिंतंडन नावाच्या आदिवासी तरुणाने इंग्रजांस त्या घाटाची वाट दाखविली. श्रेय आपणांस मिळावे म्हणून साहेबाने त्याला ठार केले. पुढे त्याचा आत्मा वाटसरूंना त्रास देऊ लागला, तेव्हा तो साखळीने झाडाला बांधण्यात आला, अशी तेथील कथा आहे. हिमाचल प्रदेशात कालका-सिमला लोहमार्ग १९०३ साली सुरू झाला. झाझा गावच्या बाबा भलकू नावाच्या एका निरक्षर पहाडी माणसाने हातातील काठीने वाट दाखवीत त्याच्या आखणीस साहाय्य केले, असे तेथे सांगतात. आणि त्याच्या नावाने सिमल्यास रेल्वेचे संग्रहालयही झाले आहे.

तीन निरनिराळे डोंगर, तीन निरनिराळ्या भाषा आणि कथा मात्र एकाच सुराची. एकाला गोळी, एकाला साखळी, एकाला संग्रहालय. यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, प्रत्येक कथेतील प्रत्येक तपशील घडला असो वा नसो, तिन्हींच्या मुळाशी एक सत्य आहे. डोंगरात परक्या माणसाला वाट दाखविणारा स्थानिक माणूस सर्वत्र होता, आणि त्याचे नाव कामाच्या पाटीवर आले नाही. सरकारी दप्तरात ज्याला स्थान मिळाले नाही, त्याला लोकांनी देवळात किंवा झाडाखाली स्थान दिले. लोकांनी आपल्या परीने केलेली ती दुरुस्ती आहे.

आपल्याच परंपरेतील हिरकणीचे उदाहरण घ्या. रायगडाच्या पायथ्याची ही गवळण दूध घालण्यास गडावर गेली, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल असल्याने ती रात्री कडा उतरून गेली. पुढे महाराजांनी तिचा गौरव केला व तेथे बुरूज बांधून ती जागाही बंदोबस्ताची केली. आपल्यातील गवळी-धनगर तिला आपलीच लेक मानतात. ही कथाही लोकांनीच राखली. आज एस. टी. च्या गाडीवर तिचे नाव आहे आणि स्थानकावर मातांनी बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिलाही हिरकणी कक्ष म्हणतात. या नावासाठी कोणी खोटी तारीख रचली नाही. आई मुलासाठी कडा उतरली, एवढ्यावरच तिचे नाव टिकले. त्याच गडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाऱ्याने आपले नाव कळसावर नव्हे, पायरीवर कोरले. मोठेपणाला फार शब्द लागत नाहीत, हे त्या पायरीवरून शिकावे.

मग आपण निश्चयाने काय म्हणू शकतो? देशावरील मेंढपाळ पिकांच्या काढणीनंतर, दिवाळीच्या आगेमागे, मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरतात, कोकणातील शेतांत मेंढरे बसवितात, त्यांच्या लेंड्यांचे खत होते, बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा घाट चढून माघारी येतात. घोड्यावर बिऱ्हाड, खांद्यावर घोंगडी, पुढे कुत्री. हे आपण आजही डोळ्यांनी पाहतो. गवळी-धनगर तर सह्याद्रीच्या माथ्यावरच म्हशी राखून राहिले. या स्थलांतराचा, बिरोबा-म्हस्कोबांच्या ठाण्यांचा व सुंबरान मांडून गाइलेल्या ओव्यांचा अभ्यास करण्यासाठी गुंथर सोन्थायमर हे जर्मन विद्वान आपल्या वाड्यांवर येऊन बसले आणि १९७६ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परदेशी पंडिताने जे लिहून घेतले, ते आपल्यातील शिकलेल्यांनी लिहून घेतले नाही. हा दोष आमच्या पिढीचा आहे. आमचा स्वतःचा तर आहेच.

सारांश, घाटवाटा चाकाच्या आधी पायांच्या होत्या आणि त्या पायांत आपल्या पूर्वजांचे पाय होते, हे विधान निर्धास्तपणे दगडावर कोरता येईल. शिंग्रोबाचा मान वाढविण्यास ते पुरेसे आहे. रचलेली तारीख त्याचा मान वाढवीत नाही, उलट धोक्यात आणते. उद्या एखादा अभ्यासक येऊन म्हणेल की, ही तारीख बनावट आहे. आणि एक तारीख बनावट ठरली म्हणजे लोक सबंध कथाच बनावट मानतील. मग चालकांनी नाणे-नाणे वाहून जे स्मरण राखले, ते आपल्या अतिउत्साहाने आपण घालविले, असे होईल.

म्हणून फलकाचा मजकूर असा असावा, अशी आमची सूचना आहे. पहिल्या वाक्यात, गाडीरस्ता १८३० साली व लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, हे असावे. दुसऱ्यात, त्याआधीपासून या डोंगरांतून मेंढपाळ व तांडे ये-जा करीत, हे असावे. तिसऱ्यात, शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखविली व त्यासाठी त्याने प्राण दिला, ‘अशी परंपरा आहे’, हे असावे. चौथ्यात, या घाटात राबून मेलेल्या अनामिक मजुरांस वंदन असावे. कारण ते कोणत्याही जातीचे असोत, वाट दाखविणारा व वाट खोदणारा यांचे दुःख एकच आहे. ‘अशी परंपरा आहे’ हे तीन शब्द काहींना उणेपणाचे वाटतात. आम्हांस ते प्रामाणिकपणाचे वाटतात. ते लिहिलेले असले म्हणजे वरचे बाकीचे सर्व शब्द लोक विश्वासाने वाचतील.

फलकाहूनही अधिक निकडीचे एक काम आहे. स्मरणे झपाट्याने जात आहेत. घाटातील तो सुप्रसिद्ध अमृतांजन पूल १८३० सालचा म्हणून सांगितला जात असे. एका मलमाच्या जाहिरातीवरून त्याला ते नाव पडले होते. एप्रिल २०२० मध्ये, सर्व देश घरात बसलेला असताना, वाहतुकीस अडथळा म्हणून तो सुरुंगाने पाडण्यात आला. ज्यांनी तो बांधला त्यांचे नाव लोकांच्या तोंडी नव्हते, मलमाचे होते! २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून बहुसंख्य प्रवासी त्या मार्गाने जातात. त्या वेगात नाणे टाकण्यास कोणाला उसंत? जो जुन्या मार्गाने जाईल त्यालाच देऊळ दिसेल. गावोगावी रस्ते रुंद होताना वीरगळ मोरीच्या भिंतीत चिणले जातात किंवा मातीच्या ढिगाऱ्यात जातात. यात कोणा एकाचा दोष नाही; ज्याला दगडाचा अर्थ कोणी सांगितलाच नाही, तो त्याला दगडच समजणार.

तेव्हा प्रत्येक सभासद कुटुंबाने या वर्षी एवढे करावे. आपल्या गावच्या वेशीवर, पारावर, घाटात, पाणवठ्यावर जो दगड असेल, त्याचे छायाचित्र घ्यावे. तो कोणाचा आहे, हे घरातील सर्वांत वडील माणसास विचारावे. आणि त्याने सांगितले तसे, त्याच्याच शब्दांत लिहून काढावे. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव व तारीख खाली लिहावी. दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितले तर दोन्ही लिहावे. आपल्या मनाने जुळवून घेऊ नये. आजीला विसरू नये. पुरुषांनी सोडून दिलेल्या कथा बायकांच्या ओवीत आढळतात. ही पाने मंडळाकडे द्यावीत. दहा वर्षांनी त्यांचा जो ग्रंथ होईल, तो कोणत्याही दगडापेक्षा अधिक टिकेल.

राहता राहिली ती मागच्या बाकावरील मुलगी. आज ती कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. कदाचित तिची मुले आता तिला विचारीत असतील की, घाटातले हे देऊळ कोणाचे? आम्ही तिला दिलेले साल तिने सांगितले, तर ती चूक आमची आहे. ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर तिने वहीतील ते साल खोडावे आणि नाव तसेच ठेवावे. साल आमचे होते. नाव लोकांनी राखलेले आहे. आणि पुन्हा त्या घाटाने जाण्याचा योग आला, तर आमच्या वतीनेही एक नाणे तेथे वाहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.